आगीतला दगड, गाळातला दगड





पवित्र शास्त्र उघडले की दगड आणि खडक जागोजागी भेटतात. होरेबजवळ मोशेने खडकावर काठी मारली आणि तहानलेल्या लोकांना पाणी मिळाले (निर्गम 17). शहाण्या माणसाने आपले घर खडकावर बांधले (मत्तय 7). प्रभूने सीमोनाला पेत्र, म्हणजेच खडक, असे नवे नाव दिले (मत्तय 16). अरिमथाईकर योसेफाने प्रभूचा देह खडकात खोदलेल्या नव्या कबरेत ठेवला (मत्तय 27). हे वाचताना आपल्या मनात खडकाचे एकच चित्र असते: टणक, जड, जागचा न हलणारा. पण सगळे खडक एकाच रीतीने तयार होत नाहीत. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी अग्निजन्य खडक आणि गाळाचा खडक असे दोन शब्द पाठ केले होते. आज त्या दोघांविषयी लिहायचे कारण असे, की गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामात एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना हे दोन दगड आमच्या फार उपयोगी पडले.

साक्ष आणि कोरा कागद

उपवासकाळातल्या रिट्रीटमध्ये एका भावाने साक्ष दिली. दारूने त्याचे घर मोडले होते. पत्नी मुलांना घेऊन माहेरी गेली होती. एका रात्री त्याने गुडघे टेकले, प्रभूला हाक मारली आणि त्या दिवसापासून तीन वर्षे त्याने बाटलीला हात लावला नव्हता. ऐकताना अनेकांचे डोळे भरून आले. आमचेही आले.

पुढच्या काही आठवड्यांत मात्र दोन प्रकारची कुजबुज कानावर येऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती घराणी म्हणू लागली, "तीन वर्षांचा भक्त तो, आता आम्हाला शिकवणार? बघू किती टिकतो ते." इकडे प्रार्थनागटातले काही जण म्हणू लागले, "नुसतं जन्मानं ख्रिस्ती असून काय उपयोग? यांना अनुभव कुठाय?" मिस्साला दोन्हीकडची माणसे एकाच छपराखाली बसत, पण शांतीची खूण देताना हात आपापल्या बाजूलाच वळत. हे आम्ही पाहत होतो.

याचा सगळ्यात जास्त भार कोणी घेतला असेल, तर तो आमच्या दृढीकरणाच्या वर्गातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने. संस्काराआधी प्रत्येकाने आपल्या विश्वासाविषयी अर्धे पान लिहून आणायचे, असा आमच्या वर्गाचा रिवाज आहे. तिने कागद आणला तो कोरा. म्हणाली, "सर, माझ्या बाबतीत काहीच घडलेलं नाही. लहानपणापासून आजीजवळ बसून रोझरी म्हणते. मी विश्वास ठेवायला कधी लागले तेच मला आठवत नाही. मग तो खरा कसा म्हणायचा? मी पुढच्या वर्षी दृढीकरण घेतलं तर चालेल का?"

वर्ग घेणारे आम्ही तिघे. कोणीच घाईने उत्तर दिले नाही. "तुझा विश्वास खराच आहे गं" असे म्हणून टाकणे सोपे होते, पण तिचा प्रश्न पाठीवर हात फिरवून संपणारा नव्हता. वर्गाची गोकाकची सहल आधीच ठरलेली होती. आम्ही तिला म्हणालो, "सहलीला ये. मग बोलू."

आगीतला दगड

बेळगावकडच्या माणसाला काळा दगड नवीन नाही. जुन्या घरांचे जोते, विहिरीची बांधणी, आजीचे जाते, पाटा आणि वरवंटा हे सारे त्याच दगडाचे. भूगोलाच्या पुस्तकात त्याचे नाव बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा लोट आला. असे लोटावर लोट साचून दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमिनीवर हा दगड आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते आणि आमच्या बेळगावकडे, पठाराच्या दक्षिण कडेला, तो पातळ होत जातो. माळव्याच्या पठारावर असल्यामुळे इंदूरच्या वाचकांच्या पायाखालीही हाच दगड आहे.

या दगडाचा जन्म आगीतला. आधी रस होता, मग दगड झाला. कधी झाला, याला उत्तर आहे: थंड झाला तेव्हा.

संत पौलाचा विश्वास असा होता. दिमिष्कच्या वाटेवर प्रकाश पडला, तो जमिनीवर कोसळला आणि उठला तो दुसरा माणूस होऊन (प्रेषितांची कृत्ये 9). त्या भावाची साक्षही याच जातीची. अशा विश्वासाला तारीख असते. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे आयुष्य वेगळे दिसते. देव आजही असे करतो, आणि ज्यांच्या घरी ते घडले आहे त्यांच्यापुढे 'बघू किती टिकतो' असे म्हणणे बरे नव्हे. ज्याला आपण 'नवा' म्हणून हिणवतो, तो दगड कोट्यवधी वर्षे ऊनपाऊस सोसून उभा आहे.

पण आगीच्या दगडाविषयी आणखी एक गोष्ट आहे. शिलारस जमिनीवर येऊन लवकर थंड झाला, तर त्याचे कण इतके बारीक राहतात की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. बेसाल्ट तसा आहे. तप्त रस जमिनीच्या पोटातच राहिला आणि फार सावकाश निवला, तर त्यात मोठे, चमकणारे स्फटिक वाढतात. हैदराबादच्या आसपास गोलाकार शिळा एकावर एक रचल्यासारख्या दिसतात, तो ग्रॅनाइट असा आहे. दोघांचाही जन्म आगीतलाच. पण निवायला वेळ किती मिळाला, ते त्यांच्या कणांवर लिहिलेले असते.

पौलालाही असा वेळ मिळाला होता. गलतीकरांना लिहिताना तो स्वतः सांगतो की पाचारणानंतर तो लगेच यरुशलेमेला गेला नाही. आधी अरबस्तानात गेला, मग दिमिष्कला परतला आणि तीन वर्षांनी पेत्राला भेटायला यरुशलेमेला गेला. एखाद्याला प्रभूचा नवा अनुभव आला की आपण त्याच्या हाती लगेच माइक देतो. त्याला शांतपणे निवायला जागा देणे, हेही धर्मग्रामाचेच काम आहे.

गाळातला दगड

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोन क्रूझर गाड्या करून आम्ही गोकाकला गेलो. तिथे घटप्रभा नदी सुमारे 52 मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात सगळीकडे तपकिरी पाणी असते, कडा दिसत नाही. पण पाऊस सरला की पाणी आक्रसते आणि कड्याचा दगड उघडा पडतो. तो काळा नाही. पिवळसर, तांबूस, आणि वह्यांचा गठ्ठा आडवा ठेवावा तसा थराथरांचा.

हा वाळूचा दगड, भूगोलाच्या भाषेत वालुकाश्म. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने 1876 साली दक्षिण मराठा मुलखाच्या खडकांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या खडकांचा अभ्यास आहे. बागलकोटकडच्या कलादगी गावावरून त्यांना कलादगीचे खडक म्हणतात. पृथ्वीवर शंखशिंपले निर्माण होण्याच्याही आधीचे हे खडक आहेत. म्हणजे आपल्या काळ्या दगडाहून कितीतरी जुने.

हा तयार कसा झाला, ते आम्ही मुलांना तिथेच बसवून सांगितले. आधीचे कुठलेतरी खडक ऊनपावसाने झिजले. त्यांचे कण पाण्याबरोबर वाहत आले आणि पाणी संथ झाले तिथे तळाशी बसले. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. वरच्या थरांच्या वजनाने खालची वाळू दाबली गेली. पण नुसत्या वजनाने वाळूचा दगड होत नाही. कणांच्या फटींमधून पाणी झिरपत राहते. त्या पाण्यात विरघळलेली द्रव्ये फटींत साठतात आणि कणाला कण बांधून टाकतात. तेव्हा कुठे वाळूचा दगड होतो. अशा दगडात कधीकधी लहरींच्या खुणाही सापडतात. उथळ पाण्याच्या तळाशी वाळूवर उठलेल्या त्या वळ्या पुढच्या थराने झाकल्या आणि तशाच टिकल्या. कोणे एके काळी तिथून संथ पाणी वाहून गेले, एवढीच साधी घटना, पण दगडाने ती जपून ठेवली.

एका मुलाने विचारले, "सर, मग हा दगड नक्की कुठल्या दिवशी दगड झाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. असा दिवस कुठून सांगणार? काल वाळू होती आणि आज दगड झाला, असे तिथे काही घडलेच नाही. वर्गातली ती मुलगी पुढेच बसली होती. ती आधी हसली आणि मग गप्प झाली. समोर पाणी कोसळत होते आणि ज्याला जन्मतारीख नाही असा तो कडा त्याच्याखाली उभा होता.

परतीच्या वाटेवर आम्ही तिला तीमथ्याविषयी सांगितले. पौल त्याला लिहिताना आधी त्याच्या आजीच्या, लोईसच्या, विश्वासाची आठवण काढतो आणि मग त्याच्या आईच्या, युनीकेच्या (2 तीमथ्य 1). तीमथ्याला बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होते, असेही तो म्हणतो (2 तीमथ्य 3). तीमथ्य कुठल्या वाटेवर कोसळला, कुठला प्रकाश त्याला दिसला, याविषयी शास्त्रात एक शब्द नाही. तरी दिमिष्कच्या वाटेवर कोसळलेल्या पौलाने आपले काम पुढे सोपवले ते याच तीमथ्याच्या हाती.

वाळू आणि वाळूचा दगड

जुन्या घराण्यांना, म्हणजे आमच्यासारख्यांनाच, इथे एक गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. थर नुसते साचले म्हणजे खडक झाला असे नाही. प्रभूच्या दाखल्यात मूर्ख माणसाने घर वाळूवर बांधले. कण वाळूचेही तेच आणि वाळूच्या दगडाचेही तेच. फरक एवढाच की एकीकडे कण सुटे आहेत आणि दुसरीकडे बांधलेले.

मग बांधतो कोण? दाखल्यात प्रभूने ते स्पष्ट सांगितले आहे. दोघांनीही वचन ऐकले होते. एकाने त्याप्रमाणे केले, दुसऱ्याने केले नाही. चाळीस वर्षे मिस्साला जाणे, नाताळला गोठा करणे, घरात क्रुसापुढे दिवा लावणे हे सारे थर आहेत आणि ते मोलाचे आहेत. पण शेजाऱ्याशी बोलणे टाकलेले, भावाच्या हिश्शाची जमीन दाबलेली आणि नव्याने आलेल्याला बाकावर जागा द्यायला आपण सरकत नाही, असे असेल तर ते सगळे थर सुटेच राहतात. मोठा पूर आला की ढीग कितीही उंच असो, वाहून जातो. फटीफटींतून झिरपणारी ती कृपा आपण आत येऊ देतो का, हा प्रश्न जुन्या घराण्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

खाली कोण, वर कोण?

कुजबुजीतला खरा वाद मानाचा होता. आधी कोण, वरचा कोण? यावर दगड काय म्हणतात ते पाहा.

गोकाकच्या परिसरात गाळाचा जुना खडक खाली आहे आणि आगीतून आलेला काळा दगड त्याच्यावर पसरला आहे. म्हणजे थरांचा दगड पाया आणि आगीचा दगड वर.

आता गालील समुद्राकाठच्या कफर्णहूमला जाऊ. पेत्राचे घर तिथे होते. त्या भागातला दगड आपल्याकडच्यासारखाच काळा बेसाल्ट, आणि गावातली घरे त्याचीच बांधलेली. तिथे जातीही त्याच दगडाची होत. मार्काच्या नवव्या अध्यायात प्रभू कफर्णहूमच्या घरात बसून शिष्यांना शिकवतो आणि लहानांना अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात बांधायच्या जात्याच्या तळीचे नाव काढतो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या आजीच्या जात्यासारखेच काळे जाते आले असेल. त्याच काळ्या गावात एका पांढऱ्या सभास्थानाचे अवशेष आज उभे आहेत. त्याचा दगड बाहेरून आणलेला चुनखडक, म्हणजे समुद्राच्या तळाशी शिंपले आणि बारीक जीवांचे अवशेष साचून झालेला गाळाचाच खडक. हे सभास्थान प्रभूच्या काळानंतर काही शतकांनी बांधले गेले. पण त्याच्या खाली काळ्या बेसाल्टच्या भिंती आहेत. प्रभूने ज्या सभास्थानात शिकवले त्याच्याच त्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांना वाटते. म्हणजे इथे आगीचा दगड पाया आणि थरांचा दगड वर.

गोकाकला एक खाली, कफर्णहूमला दुसरा. जो खाली आहे त्याने पेलायचे, जो वर आहे त्याने झाकायचे. यात मान कुठला आणि अपमान कुठला? जेवढ्या श्रद्धेने आपण पेत्राच्या काळ्या दगडाच्या घराचे नाव घेतो, तेवढ्याच श्रद्धेने यरुशलेमेच्या चुनखडकात खोदलेल्या रिकाम्या कबरेचे घेतो.

आणखी एक गोष्ट. ही घटप्रभा उगम पावते सह्याद्रीत, काळ्या दगडाच्या मुलखात. तिथल्या झिजलेल्या दगडाचे कण घेऊन ती येते आणि गोकाकच्या वाळूच्या दगडावरून उडी मारून कृष्णेकडे जाते. आगीतून जन्मलेला दगडही झिजतो. त्याची काळी माती होते आणि त्या मातीत जोंधळा पिकतो. उरलेले कण नदीच्या तळाशी बसतात आणि नव्या थराची सुरुवात होते. आपली घराणीही अशीच. आज ज्याला आपण पिढीजात विश्वास म्हणतो, त्याच्या तळाशी एखादा पणजोबा असतो. भाऊबंदांचा रोष पत्करून, गावाच्या पंगतीतले पान सोडून त्याने बाप्तिस्मा घेतलेला असतो. त्याची आग आज आपल्याला थर होऊन मिळाली आहे. आणि आज साक्ष देणाऱ्या त्या भावाची मुले उद्या म्हणतील, "आम्ही विश्वास ठेवायला कधी लागलो ते आम्हाला आठवत नाही." तशी ती म्हणाली, तर त्याच्या साक्षीचे सोने झाले असे समजावे.

त्या मुलीने पुढच्या रविवारी कागद भरून आणला. आजीच्या गुडघ्यांचे दुखणे, वीज गेलेली असताना अंधारात म्हटलेली रोझरी, आजोबा गेले त्या रात्रीही न चुकलेली प्रार्थना, एवढेच त्यात होते. तिने त्याच वर्षी दृढीकरण घेतले. त्या भावाला रोझरीची रहस्ये पाठ नव्हती. आता दर शनिवारी संध्याकाळी तो तिच्या आजीकडे बसून ती शिकतो. कुजबुज पूर्ण थांबली असे आम्ही म्हणणार नाही. एकदोन घरे अजून तोंड वळवतात. पण आजीच्या ओसरीवर ती दोघे बसलेली दिसली की जाणारे-येणारे आता क्षणभर थांबतात.

आपण जिथे असाल तिथला दगड या आठवड्यात एकदा पाहा. ग्वाल्हेरकरांचा किल्ला वाळूच्या दगडाच्या टेकडीवर उभा आहे. हैदराबादकरांच्या दारात ग्रॅनाइट आहे, इंदूरकरांकडे काळा बेसाल्ट. पाहून झाल्यावर दोन प्रश्न स्वतःला विचारा. माझा विश्वास यातल्या कोणत्या रीतीने घडला? आणि दुसऱ्या रीतीने घडलेल्या कोणत्या भावाकडे किंवा बहिणीकडे मी पाठ फिरवली आहे? येत्या रविवारी शांतीची खूण देताना आधी त्याच बाजूला हात पुढे करू या.

प्रार्थना

हे प्रभू, आमच्या तारणाच्या खडका, कोणाला तू एका रात्रीत आगीतून काढलेस, कोणाला आजीच्या मांडीवर कणाकणाने घडवलेस. दोघेही तुझ्याच हातचे. ज्यांना तारीख आठवते त्यांना निवायला शांती दे. ज्यांना तारीख आठवत नाही त्यांना भरवसा दे. जे सुटे आहे ते तुझ्या कृपेने बांध. आणि आम्हा सर्वांना एकमेकांशेजारी, तू ठेवशील त्या जागी, तुझ्या एकाच घरात बसव. आमेन.